बाहेरून दिसणारी खिडकी

पामेला मच्याडोला राग आला की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. खुर्ची मागे सरकवायची, चष्मा काढून कीबोर्डवर ठेवायची आणि अगदी हळू विचारायची, "हे तू नकाशा बघून बोलतोयस की न बघता?" आमच्या ऑफिसातले भले भले इंजिनियर या प्रश्नाला टरकून असत.

ऑफिस शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर. व्हिलांचे नकाशे काढायचे आणि मंजुरीला पाठवायचे, हा धंदा. मी अनुराधा, नाशिकची. पामेलाताईच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसले. आम्ही दोघी ड्राफ्टिंगमध्ये, म्हणजे डिझाइन दुसऱ्याचं आणि रेघा आमच्या. तिने काय केलं ते सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागेल. ते सांगायला मला आवडणार नाही.

ती वसईची, गिरीजची. वडील सुतार होते, ती तेरा वर्षांची असताना वारले. थोरली बहीण मार्गारेट तेव्हा बावीसची. वर्षाच्या आत मार्गारेट दुबईत एका घरी कामाला लागली आणि तिथेच एकवीस वर्षं राहिली. तिच्या पगारावर पामेलाताईचा ड्राफ्ट्समनचा कोर्स झाला. पुढे मुंबईत एका म्हाताऱ्या आर्किटेक्टकडे नोकरी मिळाली. त्यांना जुन्या बंगल्यांची मोजमापं घेऊन ठेवायचा नाद होता. भायखळा, माथेरान, पाचगणी. सहा वर्षं पामेलाताई टेप आणि शिडी घेऊन व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या घरांवर चढत होती. कुठली कमान कुठून आली, कुठल्या छज्ज्याखाली कसला ब्रॅकेट, तिला तोंडपाठ.

मग तिचं केनेथशी लग्न झालं. तो इथल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होता, म्हणून ती शारजात आली. आल्यावर पहिल्याच शुक्रवारी ती मार्गारेटला भेटायला गेली. मालकीण चांगली होती, म्हणाली, बहिणीची खोली बघून ये. स्वयंपाकघराच्या मागे, कपडे धुण्याच्या मशीनला लागून, एक पलंग आणि इस्त्रीचं टेबल मावेल एवढी जागा. खिडकी नाही.

"बाय, सकाळ झाली हे तुला कळतं कसं?" पामेलाताईने विचारलं.

"पाण्याची मोटर सुरू होते ना," मार्गारेट म्हणाली. "तेव्हा पाच वाजलेले असतात."

मार्गारेट घरी मनीऑर्डरबरोबर जी पत्रं पाठवायची त्यात या खोलीचं नाव कधी नव्हतं. पामेलाताईने मला हे एकदाच सांगितलं, डबा खाताना, आणि लगेच विषय बदलला.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे 'रोझमीड'चं काम आलं. शारजाच्या पुढे, हायवेलगत बेचाळीस व्हिला, सगळ्या व्हिक्टोरियन. मालक अर्सलान नावाचा पाकिस्तानी गृहस्थ, पन्नाशीचा, बर्मिंगहॅमला वाढलेला. डिझाइन देवांशचं. देवांश एकतीस वर्षांचा, लंडनला शिकून आलेला. कामाला वाईट नव्हता, पण ऐकून घ्यायची सवय नव्हती.

त्याने काय काढलं होतं ते सांगते. दर्शनी भागाला गोल मनोरा, त्यावर टोकदार टोपी. शेजारी बे विंडो, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली तीन बाजूंची खिडकी. उतरतं छप्पर, त्याच्या कडेला झालरीसारखी नक्षी. दारावर गॉथिक टोकदार कमान, दारापुढे रोमन खांब आणि बाजूच्या भिंतीवर जाळी, कारण मार्केटिंगवाल्यांना थोडं 'लोकल'ही हवं होतं. ही सगळी नक्षी थर्माकोलची, वरून सिमेंटचा मुलामा.

पामेलाताईने चष्मा काढला.

"मिसळायला माझी ना नाही, देवांश. त्या लोकांनीही मिसळलंच होतं. बिल्डर कॅटलॉग उघडायचा. कमान गॉथिक, ब्रॅकेट इटलीचे, मनोरा तिसरीकडचा. पण उसनं आणलेलं घरात कामाला लागायचं. तिकडे ऊन मिळत नाही, म्हणून बे विंडो काढून तीन बाजूंनी गोळा करायचं. तीच माणसं आपल्याकडे आली तेव्हा कमान टोकदारच ठेवली, पण तिच्यात लाकडी पट्ट्यांच्या झडपा बसवल्या. पुढे व्हरांडा काढला, वर मंगलोरी कौलं चढवली. तू इथे पश्चिमेला तीन बाजूंनी काच लावतोयस. जुलैत त्या खोलीत पाव भाजून निघेल."

"एसी है ना, आंटी," देवांश म्हणाला. "टेन्शन मत लो."

त्या आंटीने तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत बसून स्वतःची एक व्हिला काढली. मनोरा तोच, पण वरून उघडा, इथल्या जुन्या घरांवर वारा खेचणारे मनोरे असायचे तसा. बे विंडो उत्तरेला फिरवलेली. कमानीत झडपा. छपराच्या कडेची झालर झावळ्यांच्या विणीची. इतकं नेटकं घर मी आमच्या ऑफिसातून निघालेलं बघितलं नव्हतं. देवांशने मोबाइलवर बोलता बोलता ते पाहिलं आणि म्हणाला, "क्यूट." एवढंच. तिने फाइल बंद केली. रागावली, पण गप्प बसली. डिझाइन त्याचं, रेघा आमच्या.

गप्प बसणं संपलं ते पुढच्या महिन्यात. अर्सलानला दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक बे विंडो हवी होती, अगदी सारखी. डावीकडे दिवाणखाना होता, तिथे अडचण नव्हती. उजवीकडे कामवालीची खोली येत होती आणि एसीचे डक्टही तिथूनच न्यायचे होते. देवांशने तोड काढली. बाहेरून खिडकी पूर्ण: चौकट, काळी काच, दोन्ही बाजूंना हिरव्या झडपा, खाली फुलांची कुंडी. काचेच्या मागे डक्ट. डक्टच्या मागे भिंत. भिंतीच्या मागे ती खोली. बाहेरून जी खिडकी, ती आतून नाहीच.

आता माणूस झोपतो त्या खोलीला बाहेरचा उजेड-वारा हवा, असा नियम आहे. म्हणून मंजुरीला जाणाऱ्या नकाशावर त्या खोलीचं नाव बदलायचं ठरलं. ब्रोशरमध्ये 'मेड्स रूम', नकाशावर 'स्टोअर'.

देवांश पामेलाताईच्या टेबलाशी आला. "आंटी, एक लेबल चेंज करना है."

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी नाही करणार."

"एक शब्द आहे फक्त."

"मग तू लिही. आणि खाली सही कर, की इथे माणूस झोपणार नाही."

 देवांशने मान वळवली आणि मला म्हणाला, "अनुराधा, यू डू इट, प्लीज. यल्ला, आजच पाठवायचंय."

मी केलं. कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. मुलाची शाळा, नवऱ्याची नवी नोकरी, व्हिसाचं नूतनीकरण, कारणं माझ्याकडे भरपूर होती. खरं म्हणजे तेव्हा मला एकही कारण आठवलं नाही. सांगितलं, म्हणून केलं.

"किती वेळ लागला?" पामेलाताईने माझ्याकडे न बघता विचारलं.

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत बेचाळीस बायकांची खिडकी घेतलीस," ती म्हणाली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझा डबा माझ्याच टेबलावर एकटा उघडायचा.

ती जमालसरांच्या केबिनमध्ये गेली. ऑफिस त्यांचं. माणूस देवभीरू, पगार कधी थांबवला नाही, कुणाच्या घरी वाईट झालं तर तिकीट काढून द्यायचे. केबिनचं दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"पामेला, सब करते हैं. त्या बायका खोलीत असतात कधी? दिवसभर घरात फिरतीवर असतात. फक्त झोपायला जातात."

"सर, तुमची मुलगी मणिपालला हॉस्टेलमध्ये आहे. तीपण फक्त झोपायलाच खोलीत जाते. तिच्या खोलीला खिडकी आहे?"

 मग जमालसर म्हणाले, "खलास, पामेला. गो बॅक टु युअर सीट."

घरीही तिच्या बाजूचं कुणी नव्हतं. केनेथ घाबरून गेला होता. तिची मुलगी सोफिया अकरावीत, ती म्हणाली, "ममा, इट्स नॉट युअर हाउस." पामेलाताईने हातातलं ताट सिंकमध्ये असं आपटलं की त्याचा टवका उडाला. हे केनेथने मला नंतर सांगितलं.

मंगळवारी अकरा वाजता अर्सलानची मीटिंग होती. तो, त्याची दोन मार्केटिंगची माणसं, जमालसर, देवांश. मॉडेल पडद्यावर फिरवायला पामेलाताई, कारण ते सॉफ्टवेअर देवांशच्या हातात अडखळायचं. मी प्रिंट घेऊन कोपऱ्यात.

पडद्यावर घर आलं आणि अर्सलानचा चेहरा उजळला. तो म्हणाला, लहानपणी आम्ही एका दुकानाच्या वर राहायचो, समोर अशा घरांची रांग होती. एका घराचा मनोरा मला माझ्या पलंगावरून दिसायचा. आत कोण राहतं, तिथून काय दिसत असेल, याचा विचार करत मी झोपायचो. माणूस मनापासून बोलत होता. मला त्याचं वाईटही वाटलं.

मग त्याने बोट दाखवलं. "उजवीकडच्या त्या खिडकीतून बाहेर काय दिसतं?"

"सर, दॅट इज सर्व्हिस एरिया," देवांश घाईने म्हणाला.

"मी दाखवते," पामेलाताई म्हणाली.

तिने माउस हलवला. दारातून आत, दिवाणखाना ओलांडून, स्वयंपाकघरातून मागे, त्या खोलीत. तिने तिथे एक पलंग ठेवला. पलंगाने खोली भरली. मग दार लावलं. मग मॉडेलमधला दिवा बंद केला.

पडदा काळा झाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, प्रोजेक्टर बंद पडला.

ती इंग्रजीत बोलत होती, मी मराठीत सांगते. आवाज इतका खाली की एसीची घरघर ऐकू येत होती. "सर, मॉडेलमध्ये आत्ता जुलै महिना आहे. दुपारचे बारा वाजलेत. बाहेर उन्हाने डोळे दिपतात. तुम्ही बाहेरून जी खिडकी बघितली, तिच्या आत आपण आहोत. इथून काय दिसतं असं तुम्ही विचारलंत. हे दिसतं."

देवांश उठला. जमालसर "पामेला, पामेला" म्हणत होते. ती थांबली नाही.

"इथे एक बाई झोपणार. नकाशात तिला आम्ही स्टोअर म्हटलंय. कांदे-बटाट्यांना उजेड लागत नाही. ज्यांच्या घरांची ही नक्कल आहे, त्यांनीही नोकरांना तळघरात आणि माळ्यावर कोंबलं होतं. त्यांच्याकडून घेण्यासारखं एवढं होतं, कमान होती, झडपा होत्या, आम्ही नेमकं हे उचललं."

"दिवे लावा," अर्सलान म्हणाला.

तिने दिवे लावले.  मला वाटलं, आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल. त्याने फाइल मिटली. "खोलीचं काय ते तुमचं तुम्ही बघा. मला बाहेरून दोन्ही खिडक्या सारख्या पाहिजेत." आणि तो गेला. जो माणूस लहानपणी दुसऱ्याच्या खिडकीतून काय दिसत असेल याचा विचार करत झोपायचा, तो हे बोलून गेला. त्याचं वाईट वाटलं होतं याची मला अजून लाज वाटते.

तासाभरात जमालसरांनी पामेलाताईला महिन्याची नोटीस दिली. क्लायंटसमोर ऑफिसची अब्रू घालवली, म्हणून. पंचवीस वर्षांची नोकरी. ती टेबल आवरत होती, मी उभी होते.

"पामेलाताई," मी म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकलं म्हणजे नजरचुकीने होतं ते, अनु," ती म्हणाली. "तू बघून केलंस."

मंजुरीला गेलेले नकाशे तीन आठवड्यांनी परत आले. नगरपालिकेच्या तपासनीसाने लाल शेरा मारला होता: स्टोअरला जोडून न्हाणीघर कशासाठी? खोलीचं नाव मी बदललं होतं, न्हाणीघराचं 'मेड्स टॉयलेट' हे नाव तसंच राहिलं होतं. मी मुद्दाम ठेवलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. मी विसरले होते.

देवांशने माझ्यावर आरडाओरडा केला. मग घाईघाईने डक्ट थोडा सरकवून एक झरोका काढला गेला, नाव पुन्हा 'मेड्स रूम' झालं आणि मंजुरी मिळाली. झरोका केवढा, हे मी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती म्हणा.

वर्षभराने, मार्चमध्ये, रोझमीडचं नमुन्याचं घर लोकांना बघायला खुलं झालं. पामेलाताईला तोवर किचन कॅबिनेट बनवणाऱ्या एका दुकानात काम मिळालं होतं. तिने मला फोन केला. वर्षभरात पहिला. "शनिवारी येतेस? केनेथ गाडी काढतोय."

बाहेरून घर चित्रासारखं होतं. सबा नावाची एक तरतरीत मुलगी सगळ्यांना फिरवत होती. "बत्तीस लाख दिरहम," ती म्हणाली, आणि आम्ही भारतीय म्हणून लगेच, "म्हणजे साधारण सात कोटी पस्तीस लाख रुपये." पामेलाताई तिच्या मागून सरळ उजवीकडे चालत गेली.

खोलीत पलंग होता, पांढरी चादर, उशीवर कागदी फूल. झरोका छताला लागून. पामेलाताई बूट काढून पलंगावर चढली. टेप लावली. दोन फूट रुंद, एक फूट उंच. आणि त्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला, ती हिरवी झडप. स्क्रूने पक्की केलेली. झडपेच्या फटींतून उजेडाच्या पाच रेघा आत येत होत्या.

"ही झडप उघडत नाही का?" तिने सबाला विचारलं.

"नाही मॅम, ती डेकोरेटिव्ह आहे."

"आणि मंजूर नकाशात?"

सबा गोंधळली. तिला बिचारीला काय माहीत. माप बघितलं नसलं, तरी एवढं मला माहीत होतं. मंजूर नकाशात झडप उघडी दाखवली होती. तशी उघडली तर झरोका तरी मोकळा झाला असता.

परतताना गाडीत पामेलाताईने वसईला फोन लावला. स्पीकरवर मार्गारेटचा आवाज आला, खोकत, हसत. पामेलाताईने सगळं सांगितलं, माप, झडप, स्क्रू.

"अगो, दोन फूट तरी आहे ना?" मार्गारेट म्हणाली. "तेवढं तरी केलं त्यांनी. आम्हाला तेवढंपण नव्हतं."

तेव्हा पहिल्यांदा मी पामेलाताईचा चढलेला आवाज ऐकला. "तेवढं तरी म्हणू नकोस, बाय! एकवीस वर्षं तू 'तेवढं तरी' म्हणत काढलीस. एकदा तरी ओरडायचं होतंस! मालकिणीवर नाही, निदान मला लिहून तरी!"

केनेथने गाडी हळू केली. 

"लिहिलं असतं, तर तू कोर्स केला असतास?" मार्गारेट म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पामेलाताईने फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, "केनेथ, गाडी वळव." पुढच्या यू-टर्नला त्याने मुकाट्याने वळवली. ती पुन्हा आत गेली, खोलीचे, झरोक्याचे आणि त्या स्क्रूंचे फोटो काढले, टेप धरून. रविवारी तिने नगरपालिकेला पत्र लिहिलं. मंजूर नकाशाचा क्रमांक तिच्याकडे नव्हता. तो मी दिला. आणि पत्राखाली तिच्या नावापाशी माझंही नाव घातलं. तिने नको म्हटलं, मी ऐकलं नाही.

मेमध्ये तपासणी झाली. ज्या घरांचं दर्शनी काम अजून बाकी होतं, त्यांना खरी, उघडणारी खिडकी काढायला लावली. अशी एकोणीस. बाकीच्या तेवीस घरांच्या झडपांचे स्क्रू काढले गेले, झरोका मात्र तेवढाच राहिला, कारण घरं विकली गेली होती आणि भिंत फोडायला एकही मालक तयार नव्हता. मला जमालसरांनी बोलावलं, माझी नोकरीही संपली. आता मी अजमानला एका छोट्या ऑफिसात आहे.

मी पामेलाताईला फोन करून सांगितलं, "एकोणीस झाल्या."

"तेवीस राहिल्या," ती म्हणाली. आवाज पुन्हा खाली उतरलेला.

मार्गारेटशी ती दर रविवारी बोलते. तब्येत, पाऊस, सोफियाची परीक्षा. गाडीतल्या त्या फोनबद्दल दोघींपैकी कुणीच काही काढत नाही. केनेथ म्हणतो, होईल सगळं नीट, इन्शाल्ला. पामेलाताई म्हणते, नीट व्हायची मला घाई नाही.